वाळू भरलेली बाटली

ऑस्टरसुंडहून उत्तरेकडे जाणारी ती रेल्वे म्हणजे जेमतेम एक डबा. सकाळी मी तिच्यात चढले तेव्हा अंगावर दोन स्वेटर, गळ्याला मफलर आणि हातात जाड जॅकेट होतं. दोहात आम्ही बाहेर भाजतो आणि ऑफिसच्या एसीत कुडकुडतो, त्यामुळे गरम कपड्यांचा तोटा नसतो. शिवाय स्वीडनचा उत्तर भाग म्हटल्यावर मी जून महिन्यातही बर्फच गृहीत धरला होता. दोन स्टेशनं गेली तसा एकेक कपडा उतरला. डब्यात ऊन भरलं होतं आणि मी खिडकीशी घामाघूम होऊन, मांडीवर प्लॅस्टिकची एक बाटली घेऊन बसले होते.

बाटली दीड लिटरची, रिकामी, पाण्याची असते तशी. तिच्या अंगाभोवती नायलॉनचा दोरा, ज्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात तो, घट्ट गुंडाळलेला. तिकीट तपासणाऱ्या बाईच त्या गाडीत कॉफी विकत होत्या आणि वाटेतल्या गावांची माहितीही सांगत होत्या. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, मासे पकडायचं साधन आहे, माझ्या मित्रासाठी कतारहून आणलंय. मित्राचा उजवा हात अर्धांगवायूने गेलाय, वर्षभर तो पाण्याकडे फिरकलेला नाही. "पण उद्या दुपारपर्यंत तो मासा धरेल," असंही मी ठणकावून सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड आहे.

आता आधी हे सांगायला हवं की मी मासे खात नाही. नाशिकच्या आमच्या घरात चातुर्मासात कांदालसूणसुद्धा बंद असायची. तिथली मुलगी दर शुक्रवारी सकाळी कतारच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसते, याची माझ्या आईला शेवटपर्यंत लाज वाटली. नवऱ्याला अजून गंमत वाटते. अल हिलालच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणे आले की तो हमखास सांगतो, "ही मासे धरते आणि वरणभात खाते." मुलगी इंग्रजीत म्हणते की आई विअर्ड आहे. म्हणोत. पाण्यात टाकलेल्या दोऱ्याला पलीकडून कुणीतरी हिसका देतं, त्या क्षणासाठी मी आठवडाभर गॅस प्रकल्पातल्या पाइपलाइनी तपासते.

हे वेड मला लावलं आमच्या साइटच्या पिकअपच्या ड्रायव्हरने. हा गडी देवगडकडचा. बायकोमुलं गावी, स्वतः दोहातल्या नजमा भागात सहा जणांच्या खोलीत. कामाच्या दिवसांत तो मला मॅडम म्हणतो आणि शुक्रवारी ताई. त्याच्याकडे काठी नाही, चक्री नाही. एका हातात बाटली धरायची, दुसऱ्या हाताने शिशाचा गोळा आणि गळ गरगरवून समुद्रात फेकायचा, बाटलीवरून तंगूस सुळकन सुटतो. मग तो तर्जनीवर घेऊन बसायचं. गळाला तो गरी म्हणतो आणि या उद्योगाला गरवणं.

आमच्यातला तिसरा म्हणजे ज्याच्यासाठी बाटली नेत होते तो हा मित्र, आमचा स्वीडिश साहेब. वेल्डिंगमधला जाणकार, माझ्याच प्रकल्पावर, मदिनत खलीफामध्ये राहायचा. त्याची बायकोही यायची, थर्मासमध्ये कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन. दोघांकडे उत्तम काठ्या होत्या, पण साहेबाला बाटलीचं फार कौतुक. महिन्याभरात त्याने काठी गाडीतच ठेवायला सुरुवात केली. आम्ही चौघं मोडक्या हिंदीत, इंग्रजीत, मध्येच अरबीतलं यल्ला, म्हणजे चला, आणि खलास, म्हणजे संपलं, पेरत बोलायचो. खरं तर बोलायचो कमी. मी मात्र सगळ्यांचं मिळून बोलायचे.

एका शुक्रवारी अल खोरच्या पुढे साहेबाच्या दोऱ्याला मोठा हमूर लागला. एवढा मोठा मासा त्याला पहिल्यांदाच लागलेला. तंगूस त्याच्या बोटात रुतत होता आणि तो ओढायचं सोडून उलट ढील देत होता. मला बघवेना. "सोडताय काय, ओढा," म्हणत मी त्याच्या हातातून दोरा घेतला आणि जीव खाऊन ओढला. तंगूस खडकाला घासला आणि तुटला.  ड्रायव्हरने सामान गोळा केलं, "खलास" म्हणाला आणि पिकअप सुरू केली. 

पुढच्या शुक्रवारी तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि समुद्राकडे बघत म्हणाला, "ताई, जेची दोरी तेचो मासो. मासो काय करता ता बोटाक कळता. बाजूच्याक नुसता दिसता." ज्याच्या बोटावर दोरा, त्यालाच कळतं कधी ओढायचं आणि कधी सोडायचं, बघणाऱ्याने हात लावायचा नाही. त्यांच्या वाडीत म्हणे हा कायदाच आहे. बाप बुडत्या मुलाला हात देईल, पण त्याच्या गरीला लावणार नाही. इतकं सरळ मला ऑफिसात कधी कुणी सुनावलं नव्हतं. मी कबूल केलं. मनातून नाही, पण केलं.

साहेब निवृत्त होऊन गावी गेला, आणि दोन वर्षांत त्याला झटका आला. वाचा हळूहळू परतली. उजवा हात परतला नाही. वसंतात त्याच्या बायकोचा मेल आला. घर तळ्याच्या काठावर, पण तो खुर्ची भिंतीकडे करून बसतो. काठ्या भाच्याला देऊन टाकल्यात. डॉक्टर म्हणतात प्रकृती ठीक आहे, पण हा माणूस बसल्या जागी संपत चाललाय. शेवटी लिहिलं होतं, तुम्ही दोघं येऊ शकाल का?

ड्रायव्हरला व्हिसा मिळाला नाही. मला मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी नजमाच्या एका कॅफेटेरियात करक चहा पिताना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही बाटली माझ्या हातात दिली. सलग पाच शुक्रवार तो एकटाच किनाऱ्यावर गेला होता आणि उजवा हात पंचाने कमरेला बांधून, सगळं एका हाताने जमतं का ते बघत होता. गळाला कोळंबी लावणं, फेकणं, ओढणं, परत गुंडाळणं. "जमता," तो म्हणाला. "व्हिडिओ धाडलंय तुमका. साहेबाक तेंच्या म्होरे बसान दाखवा. आणि ताई, तुमी हात लावू नकात."

व्हिडिओ मी घरी पोळ्या लाटता लाटता उघडला. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचा बांधलेला हात पाहून हसू आलं, तेवढ्यात तव्यावरची पोळी करपायला लागली आणि फोन बाजूला राहिला. मला सगळं ठाऊकच होतं. बाटली पाहिली तर आत गळ्यापर्यंत वाळू. वजन दोन किलोंच्या वर. किनाऱ्यावरची बाटली, शिरली असेल वाळू. मी ती बाल्कनीतल्या कुंडीत ओतली, बाटली साबणाने स्वच्छ धुतली, दोरा पुसून परत गुंडाळला आणि वाचलेल्या वजनात दोन किलो चिवडा भरला. इन्स्पेक्शनच्या कामात वीस वर्षं काढलेल्या बाईला एकदाही प्रश्न पडला नाही की एवढी वाळू, आणि तीही झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत, आपोआप कशी शिरेल.

तर ती बाटली मांडीवर घेऊन मी चालले होते. गाडी जंगलातून जात होती. जंगल संपलं की तळं, तळं संपलं की जंगल. दोहाहून आम्ही मासे धरायला दीड तास गाडी हाकतो. इथे रुळांनाच पाणी चुकवता येत नव्हतं. एका ठिकाणी गाडी करकचून थांबली. रुळांवर रेनडिअरचा कळप होता. भोंगा वाजला, कळपाने मान वर करून बघितलं आणि पुन्हा रुळांवरूनच सावकाश चालायला सुरुवात केली. गाडी मागे मागे. कुणी वैतागलं नाही. मी मात्र घड्याळ बघत होते आणि त्या जनावरांना बाजूला कसं काढता येईल याचे उपाय मनात रचत होते. दुपारी एका लाकडी स्टेशनवर सगळ्यांना उतरवून जेवू घातलं. मी बटाटे आणि पाव खाल्ला, आणि माझ्या पायांवर डासांनी जेवण उरकलं. बर्फासाठी तयारी केलेल्या बाईने डासांचं मलम आणलं नव्हतं.

संध्याकाळी पाचला माझं स्टेशन आलं. त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. फलाटावर साहेबाची बायको एकटीच उभी होती.

घरात तो खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला पाहून उठला, डाव्या हाताने मिठी मारली. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द सावकाश येत होते, पण डोळे तेच. चिवडा आवडीने खाल्ला. मी बाटली काढली आणि भाषण सुरू केलं. एका हाताचं काम आहे, बघाच तुम्ही. त्याने बाटली ओळखली, ती कुणी पाठवली ते ओळखलं, आणि माझ्या हट्टापायी म्हणा किंवा त्या बाटलीपायी म्हणा, काठी टेकत उठला. त्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली. वर्षभरात तो पहिल्यांदा उतार उतरून तळ्याच्या लाकडी धक्क्यावर आला. मी विजयी मुद्रेने वाऱ्याने धक्क्यावर कलंडलेल्या बाटलीचा फोटो काढला आणि आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: यल्ला, सुरुवात. ड्रायव्हरकडून नुसता अंगठा आला.

साहेबाने डाव्या हाताने दोरा गरगरवून फेकला. बाटली मी त्याच्या पायांशी उभी करून ठेवली होती. ती क्षणात आडवी झाली, गडगडत गेली, तंगुसाची वेटोळी त्याच्या काठीत अडकली आणि बाटली पाण्यात पडून तरंगायला लागली. धक्क्यावर पडलेल्या वल्ह्याने मी ती बाहेर काढली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "थांबा, बाटली मी धरते," आणि धरली. गळात अळी मीच लावली, दोरा मीच सोडवला, त्याच्या बोटावर मीच ठेवला.  त्याने दोरा खाली ठेवला.

"दुसऱ्याने धरायचं," तो एकेक शब्द शोधत म्हणाला, "तर मग मी कशाला?"

तो एकटाच चढ चढून घरात गेला. बायको धक्क्यावर बसली. ती एवढंच म्हणाली की आता तो परत खाली येणार नाही. मी बढाया मारते, पण निर्लज्ज नाही. मला फार वाईट वाटलं. तो वर्षभर ज्या गोष्टीला भीत होता, तीच मी त्याला एवढा प्रवास करून आणून दाखवली होती.

जेवणानंतर स्वयंपाकघरात बसून मी तो व्हिडिओ पहिल्यांदा पूर्ण बघितला. हात बांधलेला ड्रायव्हर किनाऱ्यावर मांडी घालून बसतो. चमच्याने बाटलीत वाळू भरतो, ठोकून ठोकून बसवतो, गळ्यापर्यंत. झाकण लावतो. बाटली दोन पायांमध्ये उभी करून तिला थप्पड मारतो. बाटली हलत नाही. "ह्या वजन व्हया," तो कॅमेऱ्याकडे बघून सांगतो. "वजन नाय तर बाटली आडवी." मग दोरा फेकतो. तंगूस उभ्या बाटलीच्या डोक्यावरून सुटत जातो. ओढताना दर हाताला तो दोरा पायाखाली दाबतो, पुन्हा पुढे हात घालतो. शेवटी उभ्या बाटलीभोवती हात फिरवून गुंडाळतो. सगळं एका हाताने. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझी बाटली रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉफीच्याही आधी, मी फोन साहेबासमोर ठेवला. म्हटलं, "बाटलीत वाळू होती. मी ओतून टाकली. चूक माझी आहे, हाताची नाही."

"का ओतली?"

"चिवडा आणायचा होता."

 मग त्याचा अर्धा चेहरा हसला. व्हिडिओ त्याने तीनदा बघितला. दुसऱ्या वेळी पंचा दिसला तिथे थांबवून विचारलं, हे त्याने स्वतःचं स्वतः बांधलं? मी सांगितलं, पाच शुक्रवार.  डाव्या हाताच्या मनगटाने त्याने डोळे पुसले. मग उठला, खणातून सूपचा चमचा घेतला, बाटली काखेत मारली आणि काठी तिथेच ठेवून दाराकडे निघाला. त्याची बायको धावली. मी तिचं मनगट धरलं.

आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. तो काठावर बसून चमच्याने बारीक खडी बाटलीत भरत होता. निम्मी बाहेर सांडत होती. दोनदा बाटली पडली. पाऊण तास गेला असेल. मी त्या पाऊण तासात एका जागी बसले, हे माझ्या नवऱ्याला सांगूनही पटणार नाही. शेवटी त्याने बाटली दगडावर उभी केली आणि तिला थप्पड मारली. ती हलली नाही.

ती घेऊन तो धक्क्यावर गेला, तेव्हा आम्ही खाली उतरून त्याच्या मागे काठावरच्या बाकावर बसलो. अळी त्याने बोटं आणि दात वापरून लावली. पहिली फेक गवतात गेली, दुसरी धक्क्याखाली, तिसरी नीट पाण्यात. दोरा बोटावर घेऊन तो बसला. मी दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले.

हिसका आला तो आम्हाला त्याच्या खांद्यावरून कळला. मासा मोठा असावा, कारण तंगूस ताणून गुणगुणायला लागला. साहेब ढील देत होता, दोऱ्यावर पाय दाबत होता, पुन्हा ओढत होता. बायको अर्धवट उठली. मी मराठीत म्हटलं, "बस." ती बसली. मग मासा वळला आणि धक्क्याखाली शिरला. दोरा लाकडी खांबाला घासताना मला स्पष्ट दिसत होता, अल खोरला खडकाला घासत होता तसाच. साहेबाला तो दिसत नव्हता. तोंडातून शब्द येऊ नये म्हणून मी ओठ चावला आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा त्याने पाय उचलला होता आणि सगळा दोरा सैल सोडला होता. सुटलो असं वाटून मासा आपणहून बाहेर खोल पाण्याकडे निघाला. दोरा खांबापासून सुटला. मग साहेबाने पुन्हा ताणला. बोटाला कळलं होतं. मग तो बराच वेळ मागे मागे सरकत धक्क्यावरून काठावर आला आणि मासा खडीवर ओढून घेतला. पाइक जातीचा मासा होता, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. साहेब त्याच्याशेजारी खडीवर बसला आणि मोठ्याने रडला. आम्ही दोघी बाकावरच रडलो, कारण उठायची आमची छाती नव्हती.

शुक्रवार होता. ड्रायव्हरला नजमामध्ये व्हिडिओ कॉल लावला. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, कुकरच्या शिट्ट्या, खोलीतली माणसं स्क्रीनमध्ये डोकावत होती. साहेबाने मासा दाखवला. ड्रायव्हर "माशाल्ला" म्हणाला. मग हिंदीत विचारलं, "साब, रेत बराबर है ना? कम तो नहीं हुआ?"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "बराबर," तो म्हणाला. "एकदम बराबर."

त्याने मला सांभाळून घेतलं होतं आणि विषय तिथे संपला असता. ड्रायव्हरने मला विचारलं, "ताई, हात नाय ना लावलात?"

"आज नाही लावला," मी म्हटलं. "पण काल लावला. आणि वाळू मी दोहातच ओतून टाकली होती. ही इथली खडी आहे. काल साहेबांची फजिती झाली ती माझ्यामुळे."

"माका म्हायत असा," तो म्हणाला. "काल फोटोत बाटली आडवी पडलेली दिसली. वाळू असती तर पडती कशी?"

"मग कालच फोन करून सांगितलं का नाही?"

 मागे कुणीतरी कुकरचा गॅस बंद केला.

"काल दोरी तुमच्या हातात होती, ताई," तो म्हणाला.